बाहुलीच्या पोटातला आवाज

नगरजवळच्या नागापूर एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये मी नऊ वर्षं बाहुल्यांचे कपडे शिवले. फ्रॉक, परकर, खाकी वर्दी, डॉक्टरचा पांढरा कोट आणि शेवटी शेवटी शालू. वीतभर अंगाचा शालू. त्याला जरीचा काठ लावायचा, निऱ्या आधीच टाचून ठेवायच्या आणि मागं चिकटपट्टी बसवायची, म्हणजे लहान मुलीला तो सहज काढता-घालता यावा. माझा हात त्यात इतका बसला होता की न बघताही मी निऱ्या टाचायचे. आज बाजारात एखाद्या दुकानाच्या दारात ती शालूतली बाहुली लटकलेली दिसली की मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जाते.

नीट सांगायचं तर साहेबांपासून सुरुवात करायला हवी. शेड त्यांची होती आणि ती बाहुलीही त्यांच्याच डोक्यातून निघालेली. आधी ते बाटल्यांच्या झाकणांचे आणि कूलरच्या पंख्यांचे साचे बनवायचे. माणूस हुशार होता, हे मी आजही नाकारत नाही. बाजारातून नव्या नव्या बाहुल्या आणायचे आणि टेबलावर ब्लेडनं त्यांची पोटं फाडायचे. आम्ही सात-आठ बायका शिलाई मशीनवरून मान वर करून बघायचो.

"बघा," ते म्हणायचे, "हिच्या पोटात काय आहे? हवा. ही झोपते, डोळे मिटते, फार तर रडते. अशी बाहुली घेऊन पोरगी काय शिकणार? झोपायचं आणि रडायचं."

ते असं बोलले की मला बरं वाटायचं. मी दहावीपर्यंत शिकलेली. पुढं कुणी विचारलंच नाही, लग्न झालं आणि भिंगारला आले. माझे मिस्टर तिथं लष्कराच्या मेसमध्ये स्वयंपाकी. आम्हाला मूलबाळ नाही. माझा भाऊ आणि वहिनी शेवगावकडच्या एका गावी असतात. पाऊस झाला तर बाजरी होते, नाहीतर दिवाळीनंतर दोघं ऊस तोडायला बाहेर पडतात. त्यांची थोरली मुलगी, माझी भाची, त्या महिन्यांत शाळा बुडू नये म्हणून आमच्याकडे राहायची. पुढं पुढं ती बाराही महिने आमच्याकडेच राहायला लागली. घरात तिच्यामुळे आवाज होता.

एके दिवशी साहेब मला म्हणाले, "बाई, उद्या माझ्याबरोबर शाळेत चला. पोरी माझ्याशी बोलणार नाहीत, तुम्ही असलात तर बोलतील."

आम्ही टेम्पोतून एका वस्तीवरच्या शाळेत गेलो. साहेबांनी पिशवीतून तीन-चार बाहुल्या काढून सतरंजीवर मांडल्या. मुली गोळा झाल्या. साहेबांनी एकेकीला विचारलं, "मोठेपणी तू कोण होणार?" एकीनं खाली बघितलं. दुसरी मैत्रिणीच्या मागं लपली. तिसरी जरा धीट होती, तिनं उत्तर दिलं, "कायी न्हाई."

"काहीच नाही?"

"न्हाई. आमाला कुनी इचारलंच न्हाई."

परत येताना टेम्पोत साहेब एकदम म्हणाले, "त्यांना कुणी विचारलंच नाही. मग बाहुलीनं विचारलं तर?"

तिथून पुढं चार-पाच महिने त्यांनी दुसरं काही केलं नाही. बाहुलीच्या पोटात छोटा स्पीकर बसवायचा, पोट दाबलं की ती बोलणार. चेहऱ्याचे साचे त्यांनी स्वतः घासले. नाक आमच्यासारखं थोडं बसकं. रंग सावळा; त्यासाठी प्लास्टिकच्या पेस्टमध्ये रंग कालवून ते आमच्या हाताशेजारी धरून बघायचे. "तुमच्या कोपराचा रंग हवाय मला," असं एकदा मला म्हणाले. आम्ही हसलो होतो.

आवाजासाठी त्यांनी पुण्याहून एका मुलीचं रेकॉर्डिंग मागवलं. ती पुस्तक वाचल्यासारखं बोलायची. साहेबांनी ते दोनदा ऐकलं आणि बंद केलं. "आपल्याकडची पोरगी पाहिजे," म्हणाले. मी भाचीला घेऊन गेले. तेव्हा ती पाचवीत होती. ऑफिसचा पंखा बंद केला, खिडक्यांना गोधड्या लावल्या. साहेबांनी कागद दाखवला. तिनं एकदा वाचला, कागद बाजूला ठेवला आणि समोर कुणी मैत्रीण बसली आहे असं समजून म्हणाली, "मी डॉक्टर होणार. तू कोण होणार?"

एका दमात झालं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

ती बाहुली खूप चालली. तिच्या पाठोपाठ पोलीस आली, शाळेतली बाई आली, विमान चालवणारी आली. प्रत्येकीच्या पोटात माझ्या भाचीचा आवाज आणि प्रत्येकीच्या बोलण्याच्या शेवटी तोच प्रश्न: तू कोण होणार? आमच्या गल्लीतल्या मुली पोट दाबायच्या आणि मोठ्यानं उत्तर द्यायच्या. एक रोज वेगळं सांगायची. सोमवारी कंडक्टर, मंगळवारी तहसीलदार. भाची स्वतःच्याच आवाजाला उत्तर द्यायची, "मी न्हाई बाई डॉक्टर होणार, मला सुईची भीती वाटती. मी जेसीबी चालवणार." त्या दिवसांत मी शेडमधून घरी यायचे तेव्हा पाठ मोडलेली असायची, पण आपण काहीतरी चांगलं करतोय असं वाटायचं. तसं मला आयुष्यात त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

मग रंग बदलला.

एका सकाळी मी गेले तर चेहऱ्यांच्या ट्रेमधले सगळे चेहरे पांढुरके. सोललेल्या उकडलेल्या बटाट्यासारखे. कोपऱ्यात गोण्यांमध्ये हात-पाय भरलेले असायचे, तेही तसेच. मी विचारलं तर साहेब म्हणाले, "दुकानदारांचं म्हणणं आहे. सावळी पडून राहते. आवाज तर तोच आहे ना, बाई?"

आवाज तोच होता. पण भाचीनं घरी नवी बाहुली हातात घेऊन बघितली, आपल्या हाताशेजारी धरली आणि विचारलं, "आत्या, ही माझ्यासारखं बोलती, पण दिसत न्हाई. हिला काय झालं?" त्याच महिन्यात गल्लीतल्या एका मुलीनं आईची गोरेपणाची क्रीम चेहऱ्याला, मानेला, गुडघ्यांना फासली आणि तिच्या अंगावर पुरळ उठलं. तिची आई हसत हसत सगळ्यांना सांगत होती. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

रंगानंतर कंबर. साच्यात बाहुलीची कंबर इतकी बारीक केली की मला वर्दीचा पट्टा बसेना. मग वर्दीच गेली. साहेब म्हणाले, वर्दीच्या बाहुल्या शहरात चालतात, गावात लग्नसराईला काहीतरी वेगळं हवं. त्यांनी नवरीची बाहुली काढली. मुंडावळ्या, हिरव्या चुड्याचे प्लास्टिकचे गोल आणि माझे शालू.

आणि तिला बोलायला वाक्य हवं होतं.

तेव्हा भाची सातवीत होती. साहेबांनी मला कागद दिला. त्यावर लिहिलं होतं: "आई, माझं लग्न कधी गं?" आणि पुढं कंसात, "लाजून हसणे."

मी कागद वाचला. मला तो आवडला नाही. हे मी इथं लिहिते आहे खरं, पण त्या वेळी मी तोंडातून एक शब्दही काढला नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर मी भाचीला घेऊन गेले. पुन्हा पंखा बंद, पुन्हा खिडक्यांना गोधड्या. तिनं वाक्य वाचलं ते पाढे म्हटल्यासारखं.

"असं नाही," साहेब म्हणाले. "लाजून म्हण."

तिनं पुन्हा तसंच म्हटलं.

"अगं, तुला लाजता येत नाही का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिला खरंच येत नव्हतं. बारा वर्षांच्या मुलीला कशाला येईल? आणि मी काय केलं? मी उठले, तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, पदराचं टोक दातात धरलं, मान तिरकी केली आणि तिला करून दाखवलं. "अशी मान कर. डोळे खाली घे. आवाज जरा बारीक काढ आणि शेवटी हस. हं, असं." तीन-चार वेळा मी तिच्याकडून घोटून घेतलं. चौथ्या वेळी जमलं. साहेब म्हणाले, "वा! बाई, तुम्ही शिकवलंत म्हणून झालं."

मला त्या शाबासकीनं बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आठवलं की मला माझीच किळस येते.

नवरीच्या बाहुलीनं बाकीच्या सगळ्या बाहुल्यांना मागं टाकलं. वर्षभरात दुसरं काही निघेचना. तिच्या बोलण्यात "तू कोण होणार" नव्हतं; ते काढून टाकलं होतं. आमच्या गल्लीतल्या कंडक्टर आणि तहसीलदार आता ओढण्या डोक्यावर घेऊन ओट्यावर बसायच्या आणि एकमेकींना हळद लावायच्या. मुलांचे खेळ आहेत, बदलतात, असं मी मनाला सांगायचे. आम्हीही लहानपणी भातुकलीत लग्नं लावली होती. पण आमच्या चिंध्यांच्या बाहुल्या मुक्या होत्या. काय बोलायचं ते आमचं आम्ही ठरवायचो.

एकदा महिला दिनाला नगरमधल्या एका मंडळानं साहेबांचा सत्कार ठेवला. आम्हा बायकांना टाळ्या वाजवायला टेम्पोतून नेलं. शाल, नारळ, हार. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी त्यांना "लेकींना स्वप्नं देणारा माणूस" म्हटलं. साहेब माइकसमोर उभे राहिले आणि त्यांनी ती शाळेची गोष्ट सांगितली: कायी न्हाई म्हणणारी ती मुलगी, आणि तिला विचारणारी आपली बाहुली. सांगताना त्यांना रडू आलं. खोटं रडत होते असं मला वाटत नाही. त्यांना तेच आठवत होतं. आणि त्या वेळी शेडमध्ये शालू नेसवलेल्या बाहुल्यांचे खोके छतापर्यंत रचलेले होते. समोर बसलेल्या बायका डोळे पुसत होत्या. मीही टाळ्या वाजवल्या.

भाची नववीत गेली आणि दिवाळीला गावी गेली, ती परत आली नाही. मी फोन केला तर वहिनी म्हणाली, "राहू द्या जरा घरी, ताई. मोठी झालीया." दोन आठवड्यांनी भावाचा फोन आला. "रविवारी ये. पोरीचा साखरपुडा हाय."

"कुणाच्या पोरीचा?"

"आपल्याच. थोरलीच्या. चांगलं स्थळ हाय. पोरगा टोळीवर हाय, त्याला जोडीदारीण पायजे. ऊस तोडायला एकट्याला कोन घेतंय? आमच्या संगं फडावर पोरगी न्यायची तर जीव टांगनीला, मागं ठेवायची तरी तेच."

"माझ्याकडे आहे ना ती. मागं कुठं ठेवायचीय?"

"किती दिस तुझ्याकडं? लोक बोलत्यात." आणि त्यानं फोन ठेवला.

मी मिस्टरांना घेऊन सकाळच्या एसटीनं गेले. दारात मांडव नव्हता, पण शेजारच्यांची ताडपत्री बांधली होती. पाहुणे आलेले. भाची आत पाटावर बसलेली, हिरवी साडी, तोंडाला पावडर. मानेपर्यंतच लावलेली; खाली तिचा खरा रंग दिसत होता. तिनं मला बघितलं आणि नजर वळवली.

भावाची धाकटी, आठ-नऊ वर्षांची, एक बाहुली घेऊन घरभर फिरत होती. शेवगावच्या बाजारातून मुलाकडच्यांनीच आणलेली. मी तो शालू लांबूनच ओळखला. धाकटीनं पाहुण्यांच्या मधोमध उभं राहून तिचं पोट दाबलं.

"आई, माझं लग्न कधी गं?" आणि ते हसू.

बायका हसल्या. मुलाची आई म्हणाली, "अगं बया, बाहुलीला बी घाई झालीया."

तेवढ्यावर राहिलं असतं तरी मी सहन केलं असतं. पण माझा भाऊ मधे पडला. त्याचा चेहरा अभिमानानं फुलून आला होता. "अवो, तो आवाज कुनाचा हाय ठावं हाय का? आमच्या पोरीचा! नगरला कंपनीनं भरून घेतलाय. सगळ्या म्हाराष्ट्रात जातुया."

"आता गं!" मुलाची आई म्हणाली. "म्हंजी आमची सूनबाईच इचारतीया, लग्न कधी म्हनून? मग आता आमी कशाला टाळायचं?"

केवढा हशा झाला. बाहुली हातोहात फिरली. पुरुषांच्या बाजूलाही गेली. जो तो पोट दाबत होता. आई, माझं लग्न कधी गं. आई, माझं लग्न कधी गं. मिशीला पीळ देणाऱ्या एका म्हाताऱ्यानं तीनदा दाबून ऐकलं आणि तिसऱ्या वेळी तो तिच्याबरोबर तसाच बारीक आवाजात हसला. बाहुलीचा शालू मागून सुटला होता आणि ती तशीच उघडी त्याच्या मुठीत होती.

मी मागच्या दारानं बाहेर गेले आणि गोठ्याच्या भिंतीला धरून ओकले. सकाळपासून चहाशिवाय पोटात काही नव्हतं, तरी थांबेना.

तोंड धुऊन आत आले तेव्हा भाची खोलीत एकटी होती. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "तुला हे लग्न करायचंय?"

तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं. "आत्या, मला कशाला इचारती आता? मान तिरकी कर, डोळे खाली घे, तूच शिकवलंस ना. तसंच करून बसलीया."

मला वाटलं, हिनं माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "पण मला उत्तर दे. करायचंय का?"

"न्हाई," ती म्हणाली. "शाळा सुरू झालीया माझी."

मी बाहेर जाऊन सगळ्यांसमोर बोलले. पोरगी चौदा वर्षांची आहे, हे लग्न होणार नाही. भावानं आधी हसण्यावारी नेलं, मग दंडाला धरून मला बाजूला नेलं. "पाव्हन्यांम्होरं माझी इज्जत काढू नगंस." मुलाकडचे म्हणाले, साखरपुडा आहे, लग्न थोडंच आहे. पण मी मागं तोंड धूत होते तेव्हाच वहिनी बोलून गेली होती की साखरपुड्यातच लग्न उरकायचं ठरलंय, दुपारीच. भटजी वाटेवर होता.

मिस्टर तसे कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्या दिवशी ते दारात उभे राहिले आणि हललेच नाहीत. मी रस्त्यावर येऊन मुलांच्या हेल्पलाइनला फोन लावला. मग गावच्या ग्रामसेवकांना. दोन तासांत ग्रामसेवक, अंगणवाडीच्या बाई आणि दोन पोलीस आले. भटजी अर्ध्या वाटेवरूनच परत फिरला असावा. तो काही दिसला नाही. पाहुणे ताटांवरून उठून गेले. भावाला हमीपत्र लिहून द्यावं लागलं. अंगठ्याएवढ्या अक्षरात त्यानं सही केली, पेन ठेवलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आजपास्नं मला भन न्हाई."

नगरला बालकल्याण समितीसमोर भाचीला विचारलं, कुठं राहायचंय. ती म्हणाली, आत्याकडे. ते कागद व्हायला काही दिवस लागले, तोवर ती मुलींच्या वसतिगृहात होती. मी रोज भेटायला जायचे. ती माझ्याशी फार बोलत नव्हती. मी तिच्यासमोर बसून राहायचे आणि निघताना ती म्हणायची, "उद्या येशील तवा माझी भूगोलाची वही आन."

त्याच आठवड्यात मी साहेबांकडे गेले. ते नव्या साच्यावर वाकलेले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. मी म्हणाले, "तो आवाज काढून टाका."

"बाई, तो आवाज आता कंपनीचा आहे. आणि तसाही तिचा आवाज आता बदललाय. कुणाला कळणारे?"

"तिला कळतंय."

"हे बघा, मी बाहुली बनवतो. लग्नं काही मी लावत नाही. मुलींना जे आवडतं ते मी देतो."

"पहिल्यांदा तुम्ही मुलींना विचारायला गेला होता, साहेब. नंतर दुकानदारांना विचारायला लागलात."

मी पुढं विचारलं, "तुमची मुलगी लहानपणी ह्या बाहुलीशी खेळली असती तर चाललं असतं तुम्हाला?" त्यांची मुलगी पुण्याला इंजिनिअरिंग करते. साहेबांनी चष्मा परत घातला.

"भावनेच्या भरात बोलताय तुम्ही," ते म्हणाले. "चार दिवस सुट्टी घ्या. पुढच्या महिन्यात बाळंतिणीची बाहुली काढतोय. पोटातून बाळ निघतं. तिचे कपडे तुम्हालाच करायचे आहेत."

त्यांनी ड्रॉवरमधून नमुना काढून माझ्यासमोर ठेवला. तीच बारीक कंबर, तोच बटाट्यासारखा चेहरा आणि पोटाला झाकण. त्यांनी अंगठ्याच्या नखानं ते झाकण उघडलं. आत बोटाएवढं गुलाबी काहीतरी होतं. त्यांचे डोळे चमकत होते. कारागिरी बघा, असं त्यांना म्हणायचं होतं. मी त्या नखाकडे बघितलं. माझी कात्री आणि टिफिन घेऊन मी बाहेर पडले. परत गेले नाही.

आता मी घरीच मशीन टाकलंय. शाळेचे गणवेश आणि ब्लाउज शिवते. भाची दहावीत आहे. चाचणीत गणितात नापास झाली, पण त्याचं तिला फार काही वाटलं नाही. मास्तर नीट शिकवत नाहीत म्हणाली. मोठेपणी काय व्हायचंय, हे मी तिला विचारत नाही. शेजारपाजारचं कुणी विचारलं तर ती उठून आत जाते.

गेल्या महिन्यात भाऊ घरी नसताना वहिनी एसटीनं एकटीच आली. पिशवीत बाजरी, शेंगदाणे आणि लेकीसाठी तिळाची चटणी. लेक आधी तिच्याशी बोलेना. मग दोघी चटणीवरून काहीतरी बोलायला लागल्या आणि मी भाकरी थापायला घेतली. जेवताना वहिनी सहज म्हणाली, "त्या मुलाकडच्यांनी तवाच दुसरी बघितली, ताई. पंधरा दिसांत लग्न करून फडावर बी गेली जोडी."

"कितवीत होती?" भाचीनं विचारलं.

"सातवीत असंल. तुझ्याहून बारकीच हाय."

भाचीनं घास ताटात परत ठेवला. साखरपुड्यातला तो हशा पुन्हा माझ्या कानात भरला. एकीला ओढून काढलं तर त्या जागी तिच्याहून लहान उभी राहिली, इतकंच माझ्या हातून झालं होतं.

"आत्या, फोन लाव," भाची म्हणाली.

"लग्न झालंय आता," वहिनी म्हणाली. "आता काय उपेग?"

"तरी लाव."

मी हेल्पलाइनला लावला. पलीकडच्या बाईंनी मुलीचं नाव विचारलं, गाव विचारलं. मला दोन्ही माहीत नव्हतं. मी फोनवर हात ठेवून वहिनीकडे बघितलं. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि भिंतीकडे तोंड केलं. "मला नगा इचारू. तुमचे भाऊ मला घरात घ्यायचे न्हाईत."

भाची आईच्या समोर जाऊन बसली. फोनवरच्या बाई म्हणाल्या, "ताई, आहात ना लाइनवर?" मी हो म्हणाले.

मग वहिनीनं भिंतीकडे बघतच आधी गावाचं नाव सांगितलं, आणि नंतर त्या मुलीचं.